रेकॉर्ड नवी असतानाच घ्यावी

आपल्याकडे रेकॉर्डचा विषय निघाला की पुढची वाक्यं ठरलेली असतात. कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा, आजोबांचा चावीचा ग्रामोफोन, दिवाळीच्या पहाटेचं नाट्यसंगीत आणि मग ‘ते दिवस गेले’ असा सुस्कारा. त्या आठवणींबद्दल मला आदर आहे, पण मी रेकॉर्डकडे वळले ती त्यासाठी नाही. मला नवे अल्बम ऐकायचे होते. याच वर्षी कुणीतरी स्टुडिओत बसून जे गायलं, वाजवलं, ते त्यांनी लावलेल्या क्रमाने, मध्ये कुणी न बोलता, घरात मोठ्या आवाजात ऐकायचं होतं. त्यासाठी मशीन आलं, दुकानं पालथी घातली, सुईचा भार मोजायला शिकले, परदेशातून खोकी मागवली. ती सगळी वाट इथे लिहिते आहे.

निमित्त झालं ‘लव्ह इन एक्झाइल’ या अल्बमचं. मार्च २०२३ मध्ये तो आला. न्यूयॉर्कमध्ये राहणारी पाकिस्तानी गायिका अरूज आफ्ताब, पियानोवर विजय अय्यर आणि बेस व सिंथेसायझरवर शहजाद इस्माइली. तिघांनी एकत्र बसून, फार काही आधी न ठरवता वाजवलेलं संगीत. शब्द उर्दू, तेही मोजकेच; एखादी ओळ घ्यायची आणि तिच्याभोवती फिरत राहायचं. एकेक तुकडा आठ, दहा, त्याहूनही जास्त मिनिटांचा. विलंबित ऐकायची सवय असलेल्या कानाला हे परकं वाटत नाही. मी तो पहिल्यांदा ठाण्याहून सीएसएमटीला जाताना फोनवर ऐकला. कुर्ल्याला गर्दी आत घुसली, मग ऑफिसचे मेसेज, मग घरून फोन, आणि दर वेळी आवाज बारीक होऊन गाणं मागे जायचं. घरी येऊन पुन्हा लावला तरी हात सवयीने पुढच्या तुकड्याकडे जायचा. एवढ्या धीराने केलेलं काम आपण इतक्या घाईत ऐकतोय, याचं मला मनापासून वाईट वाटलं. तो दोन रेकॉर्डच्या संचातही निघालाय हे कळलं तेव्हाच मी मशीन घ्यायचं ठरवलं.

बाबांना सांगितलं तर ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “अगं, कॅसेट आल्यावर आम्ही सगळ्या रेकॉर्डी रद्दीवाल्याला दिल्या. आता तू विकत आणणार?”

“जुन्या नाही आणणार बाबा. नव्या.”

“नव्या निघतात अजून?”

निघतात, आणि चांगल्या निघतात. अमेरिकेत २०२२ मध्ये सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर पहिल्यांदाच रेकॉर्डने सीडीला संख्येत मागे टाकलं. त्यातला मोठा वाटा आजच्या गायकांच्या आजच्या अल्बमांचा आहे. हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त “बरं” म्हटलं.

मशीनच्या बाबतीत पहिला प्रस्ताव आला न्यू जर्सीच्या मावसभावाकडून. त्याच्याकडे सत्तरच्या दशकातलं एक सुंदर लाकडी टर्नटेबल पडून होतं आणि तो येताना आणायला तयार होता. व्होल्टेजचा प्रश्न ट्रान्सफॉर्मर लावून सुटला असता. पण माहीमच्या दुकानात मी सहज विचारलं, तर तिथल्या मुलाने लगेच थांबवलं. “मोटर थेट एसीवर चालणारी आहे का बघा. असली तर नका आणू.” कारण साधं आहे. अशी मोटर विजेच्या आवर्तनांच्या गतीने फिरते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलतं, आवर्तनं बदलत नाहीत. म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम २८ होणार आणि सगळं संगीत एक षष्ठांश मंदावणार. सुराच्या भाषेत सांगायचं तर सा पासून कोमल गंधारापर्यंत जेवढं अंतर, तेवढं गाणं खाली उतरणार. काळी एकमध्ये गाणारी बाई खालच्या काळी पाचात गाऊ लागेल. पेटीवर दोन्ही पट्ट्या दाबून पाहिल्या आणि भावाला नको म्हणून कळवलं. आजची बरीचशी मशीनं ॲडॉप्टरच्या डीसी पुरवठ्यावर चालतात, त्यांना ही अडचण येत नाही.

शेवटी भारतातच मिळणारं, पट्ट्यावर चालणारं एक साधं मशीन घेतलं. एक मत ठाम सांगते. सूटकेससारखी दिसणारी, आतच स्पीकर असलेली स्वस्त मशीनं घेऊ नका. त्यांच्यातल्या बहुतेकांची सुई रेकॉर्डवर फार जड बसते, भार कमी-जास्त करायची सोय नसते, आणि स्पीकर त्याच डब्यात असल्याने त्याची थरथर सुईपर्यंत पोचते. थोडे पैसे साठवा, सहा महिने थांबा, पण भार बदलता येईल असंच मशीन घ्या.

मशीन बसवणं हे काम मला फार आवडलं. आधी जागा सपाट हवी. सुताराची पाणसळ आणून प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीवर, दोन्ही दिशांनी ठेवली, एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा गेला. मग हाताचा तोल. मागचं वजन फिरवत फिरवत अशा जागी आणायचं की सुईचा हात ना खाली पडेल ना वर जाईल, हवेत आडवा तरंगत राहील. तिथे आकडा शून्यावर आणायचा आणि मग वजन पुढे घेऊन हवा तेवढा भार द्यायचा. माझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम ९५ ई हे कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला छोटा भाग, आहे, त्याला दोन ग्रॅम लागतात, १.८ ते २.२ च्या मध्ये राहिलं म्हणजे झालं. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जास्त टिकेल असं वाटतं, पण तसं नसतं. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उसळते आणि भिंतींना जास्त इजा करते. मग कागदी मोजपट्टीवरच्या दोन बिंदूंवर सुई टेकवून कार्ट्रिजचा कोन जुळवायचा. यात एक अख्खी संध्याकाळ गेली. बाबा भिंग घेऊन शेजारी बसले होते आणि “अजून एक केस डावीकडे” असं सांगत होते.

फोनो स्टेज नावाचा एक डबाही लागतो, आणि तो का लागतो हे समजल्यावर रेकॉर्ड या वस्तूबद्दलचा माझा आदर वाढला. खर्जाचा आवाज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर पाच-सात मिनिटंच मावतील. म्हणून कोरताना खर्ज कमी करतात, तार वाढवतात, आणि घरी ऐकताना हा डबा त्याच्या बरोबर उलटं करून मूळ तोल परत आणतो. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून सगळ्या कंपन्यांनी यासाठी एकच प्रमाण मानलं. म्हणून आज जपानात कापलेली रेकॉर्ड ठाण्यात बरोबर वाजते.

आता दुकानांकडे येते, कारण माझा जीव तिथे आहे.

काळा घोड्याचं रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा मी रेकॉर्डवाली नव्हते, सीडीवाली होते. तिथल्या काचेच्या बूथमध्ये उभं राहून ऐकलेलं अजून आठवतं, पण त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. आज मुंबईत नवी रेकॉर्ड हवी असेल तर मी माहीमला रिव्हॉल्व्हर क्लबमध्ये जाते. मी आत गेले की सरळ नव्या आलेल्या मालाकडे जाते. रेकॉर्ड एकेक करून बोटाने पुढे ढकलत बघायची त्यातली मजा यादी सरकवण्यात नाही. बारा इंची कव्हर हातात आलं की ते चित्र काढणाऱ्याने काय विचार केला होता हे दिसतं. मागे वाजवणाऱ्यांची नावं असतात, ध्वनिमुद्रण कुठे झालं ते असतं. बेस वाजवणाऱ्याचं नाव वाचून मी दुसऱ्या खोक्यात त्याचा स्वतःचा अल्बम शोधायला जाते. माझं निम्मं संगीत मला अशा नावांमधून सापडलंय.

आणि दुकानात माणूस असतो. मी ‘लव्ह इन एक्झाइल’ मागायला गेले तेव्हा तो संपला होता. “मागवतो,” तो मुलगा म्हणाला, “पण हे आवडत असेल तर एक ऐका.” त्याने ‘शक्ती’ या वादक-गायकांच्या गटाचा ‘धिस मोमेंट’ लावला. २०२३चाच अल्बम. जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन, शंकर महादेवन, गणेश राजगोपालन, सेल्वगणेश. पुढच्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमी मिळालं. शंकर महादेवन चेंबूरचे, श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेले. आपलाच गळा ऐकत होते मी. शेजारी एक कॉलेजचा मुलगा जॅझचे अल्बम बघत होता, तोही थांबला. बाजू संपेपर्यंत आम्ही तिघे जवळजवळ काही बोललो नाही. नंतर त्या कॉलेजच्या मुलाने मला दोन नावं लिहून दिली, मी त्याला तीन दिली. दुकान टिकायला हवं ते यासाठी.

किमतीबद्दल स्पष्ट सांगते. बाहेरून आलेली नवी रेकॉर्ड साधारण अडीच ते चार हजारांच्या घरात पडते, दोन रेकॉर्डचा संच असेल तर त्याहून जास्त. ही रक्कम लहान नाही. मी महिन्याला एकच घेते आणि ती कोणती हे ठरवण्यात महिनाभर आनंदात असते. फोनवर अल्बम आधी दोनतीनदा ऐकते. जो पुन्हा पुन्हा बोलावतो तोच घरी आणते.

जुन्या बाजारातही जाते. फोर्टला फ्लोरा फाउंटनच्या आसपास फुटपाथवर रेकॉर्डचे ढीग असतात, चोर बाजारात मटण स्ट्रीटवर दुकानं आहेत, आणि पुण्याला आत्याकडे गेले की बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. तिथे वेगळी नजर लागते. विक्रेता म्हणतो, “एकदम नया पीस है दीदी,” आणि आपण रेकॉर्ड कव्हरातून काढून उजेडात तिरकी धरायची. केसासारखे बारीक चरे चालतात. नख लागेल असा ओरखडा असेल तर ठेवून द्यायची. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेघा दिसतात का तेही बघायचं. जितक्या वेळा कुणी ती घाईने मशीनवर चढवली, तितक्या रेघा. लेबल स्वच्छ असेल तर ती फारशी वाजलेली नाही. मुंबईच्या पावसाळ्याने पांढरी बुरशी आणलेली असते, तिला घाबरायचं कारण नाही, ती धुतली की जाते. वाकलेली मात्र घेऊ नये. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या, लाखेच्या रेकॉर्डही तिथे खूप असतात. त्यांची खाच कितीतरी रुंद असते, तिला वेगळी, जाड सुई लागते. एलपीच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या, सुईने त्या वाजवू नयेत.

धुण्याची पद्धत एकदा सांगून टाकते. डिस्टिल्ड पाणी, त्यात थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि फोटो धुण्याच्या कामातल्या वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी सारखं पसरवणाऱ्या द्रावाचे, एकदोन थेंब. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन ताटाळ्यात उभ्या वाळवायच्या. लाखेच्या रेकॉर्डना अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख त्यात विरघळते. आमच्या स्वयंपाकघरातलं एक ताटाळं आता कायमचं माझं झालंय. नव्या रेकॉर्डही मी एकदा पुसून घेते, कारण कागदी पाकिटाची धूळ आणि स्थिर विजेची चटचट त्यांच्यावर असतेच.

मी मागवलेला अल्बम यायला बराच काळ लागला. परदेशी पोस्ट, सीमाशुल्क, मध्ये एकदा ‘साठा संपला, पुढच्या छपाईत मिळेल’ असा निरोप. या काळात मी छपाई म्हणजे काय हे वाचून काढलं आणि वाट बघणं सोपं झालं. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ लेप असतो, त्यात कोरणारी सुई प्रत्यक्ष वेळेत खाच कापते. वीस मिनिटांची बाजू कापायला वीस मिनिटंच लागतात. त्या चकतीवर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवतात, तो सोलून काढला की उलटा साचा मिळतो, त्यावरून सुलटा, त्यावरून पुन्हा उलटे छापाचे साचे. मग गरम केलेला व्हिनाइलचा गोळा दोन साच्यांमध्ये ठेवून दाबतात, वरखाली लेबल त्याच दाबाने चिकटतात, कडा कापतात. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या अपोलो मास्टर्स या कारखान्याला आग लागली. अशा कोऱ्या चकत्या बनवणारे जगात दोनच मोठे कारखाने होते, हा त्यातला एक, दुसरा जपानात. त्यातच महासाथीत लोक घरी बसले आणि रेकॉर्डची मागणी वाढली. एकेका अल्बमला महिनोन्महिने रांगेत थांबावं लागलं, तो ताण बराच काळ पुरला.

यावरून गौहर जानची आठवण होते. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने या गायिकेचं गाणं मुद्रित केलं तेव्हा इथे छपाईचा कारखाना नव्हता. मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथे छापून परत यायच्या. गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते तिथल्या कारागिरांना ही कुणाची तबकडी हे कळावं म्हणून, असं सांगतात. नवं गाणं बोटीने छापून यायची वाट बघणारा ऐकणारा आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपासून आहे, आणि त्याच्यासाठी ते गाणं अगदी ताजं होतं.

‘लव्ह इन एक्झाइल’चा पहिला संच आला तो दुसऱ्या एका विक्रेत्याकडून, आणि त्यातली एक रेकॉर्ड कडेला उचललेली निघाली. सुई दर फेरीला लाटेवर चढावी तशी वरखाली होत होती. व्हिडिओ काढून पाठवला, त्यांनी वाद न घालता बदलून दिली, पण त्यात आणखी काही आठवडे गेले. नवी रेकॉर्ड घेतली की दोन्ही बाजू लगेच पूर्ण ऐकून घ्या. परत करायची मुदत थोडी असते.

मग एका शनिवारी दुपारी ती वाजली. मोबाईल आतल्या खोलीत ठेवला. पियानोचा पहिला सूर आला आणि त्यामागे बेसची हलकी गुणगुण, जी माझ्या इयरफोनने कधीच दाखवली नव्हती. अरूजचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध, अगदी जवळ. ती एखादी ओळ म्हणते तेव्हा शब्दाच्या शेवटचा श्वास ऐकू येतो. एवढं होऊन बाजू संपते आणि आपल्याला उठावं लागतं. याच उठण्याबद्दल लोक तक्रार करतात. मला ते फार मोलाचं वाटतं. चार बाजूंचा अल्बम म्हणजे तीन मध्यंतरं. त्या मिनिटभरात आत्ता ऐकलेलं मनात मुरतं, आणि पुढची बाजू लावायची की नाही हे आपण ठरवतो, ती आपोआप सुरू होत नाही.

दुसरी बाजू लावली तेव्हा बाबा येऊन बसले. “ताल नाही की गं याला.”

“नाही. आलापासारखं आहे.”

“कोणता राग म्हणायचा?”

“तसा राग नाही बाबा. तिघांनी तिथल्या तिथे केलंय.”

ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “पियानोवाला ऐकतोय हो तिचं. साथ अशी हवी.” तिसरी बाजू त्यांनीच लावली.

रेकॉर्ड रोज ऐकायला लागल्यावर एक गोष्ट माझ्या कानाने पकडली आणि नंतर आकडेमोड करून पटली. रेकॉर्ड एकाच गतीने फिरते, पण बाहेरची खाच लांब आणि आतली आखूड. सुरुवातीला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, शेवटी लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे तेवढ्याच वेळाचं संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं, आणि म्हणून आतल्या भागात मोठे, तारस्वरातले आवाज फाटू शकतात. गाण्यांचे अल्बम करणारे हे ओळखून बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवतात. ख्यालाचं उलटं आहे. विलंबित शांतपणे सुरू होतं तेव्हा खाचेला भरपूर जागा असते, आणि द्रुतमध्ये ताना सुटतात, तार षड्ज लागतो, तेव्हा सुई नेमकी लेबलजवळ पोचलेली असते. किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची एलपी ऐकताना आता मला त्या ध्वनिमुद्रकाचं कौतुक वाटतं. एवढ्याशा जागेत त्याने ते सगळं सांभाळलं, आणि त्यांनी वीस-बावीस मिनिटांत राग असा मांडला की काही राहून गेलंय असं वाटत नाही.

त्या पिढीने एलपीकडे नवं साधन म्हणून पाहिलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ केला. मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस, त्या त्या प्रहराच्या रागांतून. ही कल्पना मैफिलीतून उचललेली नव्हती, ती रेकॉर्डच्या मापाने सुचलेली होती. १९७४ मध्ये शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा हृदयनाथ मंगेशकर आणि लताबाईंचं ‘शिवकल्याण राजा’ आलं, तेही त्या वर्षाचं नवं काम होतं. आज आपण त्यांना जुनं म्हणून डोक्यावर घेतो. ती नवी होती तेव्हा कुणीतरी पैसे मोजून घेतली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

उलट उदाहरणही मुंबईचंच आहे. चरणजित सिंग, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे. त्यांनी १९८२ मध्ये रोलंडची तीन यंत्रं, एक सिंथेसायझर, एक बेसचं आणि एक ताल देणारं, घेऊन दहा रागांचा एक अल्बम केला. पुढे शिकागोत ‘ॲसिड हाऊस’ नावाचं जे नाचाचं संगीत जन्मलं त्याच्याशी याचं इतकं साम्य आहे की आज जगभरचे लोक थक्क होतात. त्या वेळी तो कुणी फारसा घेतला नाही. २०१० मध्ये एका डच कंपनीने तो पुन्हा काढला आणि मग त्यांच्या वाट्याला परदेशातले कार्यक्रम आले, तेव्हा ते सत्तरीच्या घरात होते. मूळ प्रतीसाठी आज लोक वाटेल ती किंमत देतात. ते पैसे जुन्या प्रती विकणाऱ्यांकडे जातात. तेव्हाच कुणी घेतला असता तर चरणजित सिंगांनी कदाचित तसाच दुसरा, तिसरा अल्बम केला असता. हे आठवलं की मी नव्या रेकॉर्डसमोर घासाघीस करत नाही.

नव्वदच्या दशकात आपल्याकडची रेकॉर्डची छपाई थांबली होती. २०२४ मध्ये नवी मुंबईत पुन्हा कारखाना सुरू झाला. माझ्या घरापासून फार लांब नाही. आता माझी एक मागणी आहे आणि ती मी भेटेल त्या गायकाला, वादकाला सांगते. जुने चित्रपट पुन्हा छापा, जरूर छापा, त्यावर कारखाना चालेल. पण आज तिशी-चाळिशीत असलेले आपले ख्यालगायक, तालमीत वर्षं घालवलेले, त्यांची एक एलपी काढा. मैफिलीचा तुकडा कापून नको. बाजूची वीस मिनिटं मनात धरून, द्रुत कुठे सुरू करायचं ते ठरवून मांडलेला राग. मराठीत नव्या कवितांना चाली लावणारे आहेत, त्यांच्या दहा गाण्यांचा क्रम लावलेला अल्बम, कव्हरवर आजच्या चित्रकाराचं चित्र, मागे प्रत्येक वाजवणाऱ्याचं नाव. तीनशे प्रती काढल्या तरी चालतील. त्यातल्या दोन मी घेईन, एक बाबांच्या मित्राला द्यायला.

एप्रिलमध्ये रेकॉर्ड स्टोअर डे असतो. अमेरिकेतल्या छोट्या दुकानदारांनी २००८ मध्ये तो सुरू केला, आता आपल्याकडेही काही दुकानं पाळतात. त्या दिवशी गर्दी असते, नवख्याने त्याच्या आदल्या किंवा नंतरच्या आठवड्यात जावं. पहिल्यांदा जाणार असाल तर पिशवी चौकोनी आणि ताठ घ्या. लोकलमध्ये रेकॉर्ड वरच्या रॅकवर ठेवू नका, तिच्यावर कुणाची तरी बॅग येऊन पडते. छातीशी उभी धरा. दुकानात जुन्याचा कप्पा खुणावेल, तो नंतर बघा. आधी या वर्षी आलेलं काय आहे ते विचारा आणि एक बाजू तिथेच लावायला सांगा.